म्हाताऱ्या गाडीचं दुखणं

आमची जुनी गाडी सकाळी सुरू होता होत नव्हती आणि पेट्रोलचा वास थेट स्वयंपाकघरापर्यंत यायचा. मुलगा म्हणाला, "भंगारात काढा आता." ज्या गाडीतून त्याला दुपट्यात गुंडाळून घरी आणलं, ती भंगारात! माझा जीव तुटला. मी मेकॅनिकला बोलावलं.

त्याने ह्यांना गाडी सुरू करायला सांगितली. ह्यांनी नेहमीसारखा आधी ॲक्सिलरेटर दणादण दाबला.

"काकू, गाडी ठणठणीत आहे," मेकॅनिक हसला. "काकाच तिला सुरू व्हायच्या आधी पेट्रोल पाजून गुदमरवतात. त्यांचा पाय आवरा."

पण जन्माची सवय अशी सुटते होय?


आता हे सीटवर चक्क मांडी घालून किल्ली फिरवतात, आणि गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली की मी शेजारून म्हणते, "अहो, सोडा आता पाय."