रिकामी जागा

दुपारी सव्वाचारला थोरले धर्मगुरू इस्पितळात वारले. अकरा वर्षं त्यांच्या हाताखाली अर्ध्या पगारावर राबलेला सहायक आठवडाभर उशाशी बसून प्रार्थना करत होता. ओठ हलायचे, आवाज येत नसे. "जरा मोठ्याने म्हण की रे," थोरले एकदा म्हणालेही होते. इकडे त्याच्या बायकोने पडद्यांसाठी धर्मगुरूंच्या बंगल्यातल्या खिडक्यांची मापं घेऊन ठेवली होती.

सोमवारी विश्वस्तांनी त्याला बोलावलं. "राग मानू नका, पण ही जागा आम्ही बाहेरच्याला देतोय. तुम्ही आठवडाभर प्रार्थना केलीत आणि माणूस गेला. देव ज्याचं ऐकतो, असा धर्मगुरू हवाय लोकांना."



देवाने आपला शब्दन् शब्द ऐकला, हे त्याला सांगता येईना.