खंडेनवमीचा फोटो

यंत्र हा देव असतो, देव कुणाचं वाईट करत नाही, असं मालक दर खंडेनवमीला सांगत. सत्त्याण्णव साली कारखान्यातल्या पत्रा दाबायच्या प्रेसची पूजा आटोपल्यावर म्हणाले, “आकाराम, मुहूर्ताचा एक पत्रा दाब की!” आणि देवानं आकारामची चार बोटं घेतली. कोल्हापुरात भरपाईच्या सुनावणीला मालकांचा वकील म्हणाला, “त्या दिवशी कारखाना बंद होता. बोटं घरच्या कडबाकुट्टीत गेली असतील.” आकाराम मालकांकडं वळला. “कुट्टी? आवो मालक, आमच्यात म्हस तरी हाय का?” मालक पंख्याकडं बघत राहिले. आकारामनं डाव्या हातानं पूजेचा फोटो पुढं केला: हार घातलेली प्रेस, शेजारी मालक आणि दहाही बोटं जोडून उभा आकाराम. न्यायाधीशांनी कोपऱ्यातली लाल तारीख वाचली: एक जानेवारी सत्त्याऐंशी, आणि फोटो बाजूला सारला. कॅमेऱ्याची तारीख लावायची राहिलेली. सत्त्याऐंशी साली कारखान्याच्या जागी ऊस होता.