पुस्तकातली पोरगी

रूपालीच्या पत्राला शालिकरामांनी उत्तर दिलं नव्हतं. आठ महिने झाले होते. पत्र लहान होतं, अक्षर सरळ.

"काका, तुमच्या पुस्तिकेतल्या फोटोत माझ्या गालावरचा डाग नाही. अकोल्याची मंडळी तो फोटो बघून आली. मुलाच्या आईनं पुस्तिका उघडली, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, 'पुस्तकातली पोरगी कुठं हाये?' चहा तसाच राहिला. मी नांदगाव पेठेला कारखान्यात कापड तपासते. डाग असलेलं ठाण आम्ही बाजूला काढतो. तेही विकलं जातं, पण सांगून. यंदा माझा फोटो आहे तसाच छापा. दारातून परत जाण्यापेक्षा लोक आलेच नाहीत तर बरं. छापाल का, एवढं कळवा."

तो डाग काढायला त्यांनीच सांगितलं होतं. वाचनालयातून निवृत्त झाल्यापासून समाजाच्या वधू-वर परिचय पुस्तिकेची मुद्रितं ते तपासत. कानापासून हनुवटीपर्यंत उतरलेली ती जांभळी जन्मखूण पाहून ते गेल्या वर्षी पुटपुटले होते, "एवढं जरा सौम्य करता येईल का?" पुस्तिकेची पानं लावणाऱ्या चंदानं संगणकावर दोन मिनिटांत गाल स्वच्छ केला. आपण कुणाचं तरी भलं केलं, असं त्या दिवशी त्यांना वाटलं होतं.

आज फॉर्म घ्यायची शेवटची तारीख होती. अमरावतीत चंदाच्या डीटीपीच्या दुकानात रूपालीचे वडील खुशालराव सकाळच्या एसटीनं अंजनगावहून येऊन बसले होते. फॉर्म त्यांनी पिशवीतून जपून काढला. वर्णाच्या रकान्यात 'निमगोरा' लिहिलं होतं. व्यंगाचा रकाना कोरा होता.

"सर, मांगच्या वर्षीवानीच करजा," ते म्हणाले. "लय मस्त आलता फोटो."

चंदानं फोटो स्क्रीनवर मोठा केला. "काका, डाग काढला तं फॉर्म समोर जाते. ठेवला तं मांगं, विशेष विभागात. पान एकशे चाळीसच्या पुढं. यंदा मंडळानं तसा ठराव केला."

"विशेष म्हंजे?"

"टाकलेल्या, विधवा, पायानं अधू, एका डोळ्यानं आंधळे. अन् पन्नाशीतले बिजवर. चेहऱ्यावरचा डाग मंडळ व्यंगात धरते."

"मंग काढून टाक न माय! एवढा काय इचार करून राहिली?"

चंदानं शालिकरामांकडे पाहिलं. शेवटचा शब्द त्यांचा असे. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. गप्प राहिलं तर काम आपोआप होणार होतं. गेल्या वर्षी झालं तसंच.

"तिचं पत्र आलं होतं मला," ते म्हणाले.

"कोणाचं?"

"रूपालीचं."

"तुमाले? काहून?"

शालिकरामांनी पत्र काढून दिलं. खुशालराव बोट ठेवून ओळीनं वाचत गेले. ओठ हलत होते. एका ओळीपाशी बोट थांबलं आणि बराच वेळ तिथंच राहिलं.

"मी होतो न तिथं," ते म्हणाले. "ते बाई बोलली ते मी आयकलं होतं. आयकलंच नाई असं केलं. पंखा फास्ट कराले उठलो."

चंदानं उगाच की-बोर्ड पुसला.

"पोरीले वाटलं असन, बापाच्या कानावर आलंच नाई," खुशालराव म्हणाले. पत्राची घडी घालताना त्यांना ती नीट जमेना. शालिकरामांनी ती त्यांच्या हातून घेतली.

"तसाच छापा मंग."

"मांगं जाईन, काका," चंदा हळू म्हणाली. "सांगून ठेवते. मांगची पानं कोणी पायत नाई."

"जाऊ दे. लिहिलं न तिनं." ते उठले, पिशवी खांद्याला लावली आणि दारात थांबले. "सर, एक करजा. ते पुस्तक घरी पाठवू नोका. संपले, असं सांगतो मी तिले."

शालिकरामांनी मान हलवली. ती होकाराची होती की नुसतीच, हे त्यांचं त्यांनाही कळलं नाही.

खुशालराव गेल्यावर चंदानं फोटो उचलून मागच्या पानांवर नेला. एका बाजूला चोपन्न वर्षांचा बिजवर, दुसऱ्या बाजूला कुबडी घेतलेली मुलगी. मध्ये रूपाली, डाग असलेला गाल मुद्दाम कॅमेऱ्याकडे करून बसलेली.

"ठीक हाये?" चंदानं विचारलं.

शालिकरामांनी नाव, जन्मतारीख, शिक्षण तपासलं. चूक नव्हती. त्यांनी सही केली.

घरी जाताना ते पोस्टात गेले आणि तिथल्या बाकावर बसून एक कार्ड लिहिलं. 'चि. रूपाली, तुझा फोटो आहे तसाच छापतो आहे. पान १४२. गेल्या वर्षी डाग काढायला मीच सांगितलं होतं. क्षमा कर.' त्यांनी ते तीनदा वाचलं. मग खिडकीपाशी जाऊन दुसरं कार्ड मागितलं.

त्यावर सगळा मजकूर पुन्हा उतरवला, क्षमासुद्धा. पानाचा आकडा तेवढा गाळला. पहिल्या कार्डाचे बारीक तुकडे करून खिशात घातले आणि दुसरं पेटीत टाकलं.