ओस्टाराची सकाळ

दिवस-रात्र समान होतात त्या सकाळी इंग्लंडमधल्या सॉमरसेटच्या टेकडीवर दहाबारा निसर्गपूजकांनी ओस्टाराचं, म्हणजे त्यांच्या वसंताच्या सणाचं, रिंगण धरलं होतं. हिरव्या झग्यातली मेव्हिस वसंतदेवीला हाक देत होती, शेजारी तिची मुलगी ब्रायनी उभी होती. तेवढ्यात ब्रायनी शिकवत होती त्या शाळेच्या मुख्याध्यापिका, मिसेस टॅलबट, कुत्र्याला फिरवत वर आल्या. ब्रायनीने डोक्यातली फुलं ओरबाडून काढली आणि ती रिंगणाबाहेर पळाली.

"अगं, तू इथे? ओळखीची आहेत का ही माणसं?"

"छे हो! मी आपली फिरायला आले होते. काय एकेक सोंगं असतात!"

मेव्हिसने ते ऐकलं. रंगवलेल्या अंड्यांची परडी घेऊन ती सरळ त्यांच्याकडेच आली. आता आई सगळं बोलून टाकणार, या धास्तीने ब्रायनी मिसेस टॅलबटच्या आड सरकली.

"घ्या ना बाई," मेव्हिसने लेकीपुढे एक अंडं धरलं. "सण आहे. वाटेने जाणाऱ्यांनाही देतो आम्ही."

मिसेस टॅलबटनीही एक उचललं. "किती सुरेख! पुढच्या वर्षी मी आले तर चालेल तुम्हाला?"

ब्रायनीला मान वर करता येईना.

"या की," मेव्हिस म्हणाली. "जमलं तर ह्या बाईंनाही घेऊन या."