निळी रेघ

जेवणाच्या टेबलावर स्कॉटलंडचा नकाशा पसरला आणि गुंडाळी होऊ नये म्हणून कोपऱ्यावर मिसळणाचा डबा ठेवला.

लाल रेघ माझी, चालण्याची. निळी बायकोची, सायकलची. गुडघ्यांमुळे तिला चालवत नसे. संसारात एका वाटेवर आमचं कधी जमलं नाही, म्हणून सहलीला दोन आखल्या. दिवसभर आपापल्या डोंगरांतून जायचं आणि संध्याकाळी एकाच गावात, एकाच किटलीपाशी भेटायचं. ती आधी पोहोचून वाट बघणार आणि मला उशीर झाला म्हणून ओरडणार, हेही ठरलं होतं. मग ती आजारी पडली आणि महिन्याभरात गेली.

"बाबा, आता निळी रेघ पुसा ना," लेक म्हणाली. "मुक्कामाच्या ठिकाणी एकच माणूस येणार, असं कळवायचंय मला."

मी खोडरबर उचललं आणि लाल रेघ पुसली.

"बाबा, तुम्हाला सायकल कुठे येते?"

"येत नाही. तुझ्या आईची हातात धरून नेईन."

"सायकलचा रस्ता तळ्याला वळसा घालून जातो, बाबा. पायी पोहोचायला अंधार पडेल."

"पडू दे," मी नकाशा गुंडाळत म्हटलं. "ओरडायला कोण बसलंय तिथे?"