तिप्पट बिल

"अजून फिरतोय!" जिन्याखालच्या मीटरपाशी उभी असलेली मैत्रीण ओरडली.

खजिनदार खोलीच्या मधोमध उभी राहिली. दोघींच्या खोलीचा सगळा खर्च तिच्या हाती, म्हणून कॉलेजात तिला हेच नाव पडलं होतं. फ्रिज बंद होता, पंखा बंद, चार्जरसुद्धा भिंतीतून ओढून काढलेले. तरी मीटर चालूच. सलग तिसऱ्या महिन्यात बिल तिप्पट आलं होतं. पहिल्या महिन्यात त्यांनी दूध बंद केलं, दुसऱ्या महिन्यात बस. या वेळी बिल भरलं की परीक्षेची फी राहत होती, आणि फीची मुदत परवा संपत होती.

"कोणीतरी आपल्या जिवावर दिवे लावतंय," ती खिडकीतून म्हणाली. "थांब, मेनच पाडते."

खटका खाली आला.

"थांबला!" मैत्रीण धापा टाकत वर आली. "आता लाव ना परत."

"मुळीच नाही. ज्याचं बंद पडलंय तो येईल आपल्या पायांनी. मग बघतेच त्याच्याकडे."

दोघी दारात हाताची घडी घालून उभ्या राहिल्या. शेजारचं दार घरमालकीणबाईंचं. बाई एकट्याच दिसत. सकाळी शिवणकामाच्या कारखान्यात गेल्या की संध्याकाळी सातलाच परत. आत्ताही त्यांच्या दाराला बाहेरून कडी होती. वरून कोणी उतरलं नाही, खालून कोणी चढलं नाही. एक मिनिट गेलं. दोन गेली.

"पलीकडे काय वाजतंय गं मघापासून?" मैत्रिणीने विचारलं. बारीक, एकसुरी पीं पीं.

"गजर असेल बाईंचा."

तेवढ्यात आतून भिंतीवर थाप पडली. मग आणखी एक, पहिलीपेक्षा हळू.

"अगं, आत माणूस आहे!" खजिनदार खटक्याकडे धावली, मैत्रिणीने कडी काढली.

पडद्याच्या आड खाट होती. खाटेवर एक म्हातारे गृहस्थ. नाकात नळी, ओठ निळे, मूठ अजून भिंतीला टेकलेली. उशाशी प्राणवायूचं यंत्र घरघरत पुन्हा चालू झालं होतं. त्याची वायर भिंतीतल्या भोकातून दोघींच्या खोलीकडे गेली होती.

दोघी खाटेपाशी आल्या.

"आजोबा," खजिनदार म्हणाली, "आम्हाला... आम्हाला खरंच माहीत नव्हतं हो."

त्यांनी मान हलवली. पाच-सहा श्वास आत गेल्यावर त्यांचा आवाज फुटला.

"बिल फार आलं ना?"

मैत्रिणीने भिंतीतल्या भोकाकडे पाहिलं.

"माझ्या लेकीला बोलू नका. तुम्ही खोली सोडलीत तर तिचं भागायचं नाही." ते थांबले. पुन्हा श्वास घेतला. "मी दुपारी तासभर बंद ठेवत जाईन हे. होईल सवय."

आणि बोलता बोलता त्यांचा हात खरंच यंत्राच्या बटणाकडे निघाला.

खजिनदारने तो दोन्ही हातांनी धरला आणि घट्ट दाबून ठेवला.