पडद्यावरची ऋजुता

तालमीत शर्वाणीचा पाय मुरगळला आणि ती दिव्यासमोरच खाली बसली. तिच्यामागच्या पडद्यावर ऋजुताची सावली नाचता नाचता थांबली, वाकली आणि तिने बहिणीच्या सावलीपुढे हात केला.

ऋजुताला जाऊन वर्ष झालं होतं. दोघी बहिणी याच पडद्यावर सावल्यांचा नाच करायच्या. समोर नाचलेल्या प्रत्येक देहाची हालचाल पडदा लक्षात ठेवायचा, म्हणून शर्वाणी अजूनही तिच्यासोबत नाचू शकत होती.

"हे तर आम्ही कधी बसवलंच नव्हतं," शर्वाणी म्हणाली.

"पडदा अंदाज बांधतोय," पडद्याचं यंत्र सांभाळणारा इरफान म्हणाला. "ती असती तर तिने काय केलं असतं, याचा. बंद करू का, ताई?"

"नको!" पहिल्या रांगेतून बाबा उठले. मुलीचं नाचणं त्यांना कधी पटलं नव्हतं. ऋजुता असेपर्यंत त्यांनी या नाट्यगृहात पाऊल ठेवलं नव्हतं. ते धडपडत रंगमंचावर चढले आणि दिव्यासमोर उभे राहिले. त्यांची सावली ऋजुताच्या सावलीशेजारी पडली.

"ऋजू," त्यांनी हाक मारली, "मी आलोय गं."

सावलीने मान वळवली. क्षणभर ती त्यांच्या आकृतीकडे बघत राहिली. पडद्याने त्यांना पूर्वी कधीच पाहिलं नव्हतं. मग ती जराशी मागे सरली आणि अनोळखी प्रेक्षकाला करतात तसा तिने अदबीने नमस्कार केला.

बाबांनीही हात जोडले.